बारावीनंतरची परदेशवारी: देश सगळ्यात शेवटी ठरवा

लेकरू बारावी झालं, आता सगळ्यांनी एकदा देशाबाहेर जाऊन यायचं, असं घरात ठरलं की पहिला प्रश्न निघतो, "कुठं जायचं?" हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. आम्ही तोच विचारला आणि तीन रविवार भांडणात गेले. मुलगा दुबई म्हणे, कारण त्याच्या मित्राचा काका तिथं आहे. सासूबाई पशुपतिनाथ म्हणत. मी मोबाइलवर बर्फाचे फोटो पाहत बसले होते. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पोट्टी आतल्या खोलीत फिजिक्सची गणितं सोडवत होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आमचं गाव हिंगणघाटपासून आत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोरांचे बाबा नऊ एकरांत कपाशी आणि सोयाबीन करतात. आमच्या घरातून याआधी कोणी परदेशात गेलेलं नव्हतं. म्हणून हे ज्यांच्याकडं पासपोर्टपासून सगळी सुरुवात आहे अशा घरांसाठी लिहिते आहे.

चौथ्या रविवारी मी कापसाच्या काट्याची एक जुनी पावती घेतली, उलटी केली आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायला लावली. देशाचं नाव घ्यायचं नाही, ही अट. हे म्हणाले, "कुठीबी जा, पण मिरगाच्या आंधी घरी." सासूबाई म्हणाल्या, "मले पायऱ्या नोका सांगू. अन् वशाट ज्या चुलीवर शिजते तिथलं मी खात नाई." मुलाला विमानात खिडकी पाहिजे होती. मी माझी सुट्टी लिहिली. पोट्टी पेन हातात धरून उगाच बसली, मग म्हणाली, "मले समुद्र पाहाचा हाय. फोटोतला नाई, पाय बुडवता येईल असा."

सतरा वर्षांची पोरगी, तिनं समुद्र पाहिला नव्हता, आणि मी बर्फ शोधत होते.

त्या पावतीवर पाच ओळी झाल्या. त्या पाच ओळींतून बहुतेक देश आपोआप गळून पडले. तुम्हीही हेच करा. ज्याचा सोहळा आहे त्याची ओळ सगळ्यात वर, बाकीच्यांच्या ओळी तिच्याखाली.

आता तारखा. बारावीच्या वर्षाचा मे-जून हा वाटतो तितका मोकळा नसतो. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, पण एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये असते, नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी आणि जेईई ॲडव्हान्स्ड मेच्या उत्तरार्धात. बोर्डाचा निकाल मेमध्ये लागतो, त्यानंतर प्रवेशाच्या फेऱ्या. फेरीत नाव लागलं की दोन-चार दिवसांत जागा पक्की करावी लागते, मूळ कागद हातात लागतात. त्या दिवसांत तुम्ही परदेशात असाल तर सहल गोड लागणार नाही. जातवैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास ही सगळी प्रमाणपत्रं निघालेली असली तरच तारखेला हात घाला. आमच्या पोरीला कृषीला जायचं होतं, सीईटी झालेली, म्हणून मेचा शेवटचा आठवडा मोकळा सापडला. 7 जूनला मृग लागतो. त्याआधी बियाणं-खत घरात यायला पाहिजे, म्हणजे 3-4 जूनला वापस. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळं माझी अडचण नव्हती. सोयाबीन-कपाशीच्या घरात दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो आणि पोरगं कॉलेजात नवं असतं.

एक गोष्ट मात्र जरा आग्रहानं सांगते. सहल निकालावर टांगू नका. "85 टक्के पडले तर नेतो" असं आमच्या शेजारी एकानं पोराला म्हटलं, पोराला 71 पडले. आता सहलीचा विषय निघाला की ते पोरगं उठून बाहेर जातं. शिवाय तिकिटं निकालाआधी काढली तरच परवडतात. आम्ही फेब्रुवारीत काढली.

मग एकेक देश पावतीवर घासून पाहिला.

दुबईची ओढ समजण्यासारखी आहे. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, जेवणाची अडचण नाही. पण मेच्या अखेरीस तिथं चाळिशीपार ऊन असतं. वर्धा-चंद्रपूरचं ऊन सोडून, पैसे भरून तेच ऊन खायला जायचं? डिसेंबरात जाणाऱ्यांनी जरूर जावं.

नेपाळ सगळ्यात स्वस्त आणि सोपं. व्हिसा लागत नाही, मोठ्यांना मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. पण आधार कार्डाच्या भरवशावर राहू नका, ते तिथं फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या लोकांचं चालतं. बारावीचं पोरगं नेमकं मध्ये सापडतं. मेअखेरीस धुरकट हवेत हिमालय दिसेलच असं नाही, जूनपासून पावसात दरडी कोसळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर तिथला खरा हंगाम. आम्ही नेपाळला दुसऱ्या नंबरवर ठेवलं, म्हणजे कोणाचा पासपोर्ट अडलाच तर तिकडं जाऊ. भूतानही असंच, व्हिसा नाही, पण भारतीयांना माणशी रात्रीला 1,200 रुपये शुल्क भरावं लागतं (6 ते 12 वर्षांच्या लेकरांना अर्धं). पाच जण पाच रात्री म्हटलं की हिशेब करा. शिवाय समुद्र नाही, आणि जे पाहायचं ते बहुतेक चढावर.

थायलंडनं नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, तिथं सध्या आपल्याकडची झुंबड आहे. पण फुकेत-क्राबीच्या बाजूला मेपासून पावसाळा सुरू होतो, समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. पोरीची ओळच मोडते. आणि तिथं साध्या भाजीतही माशाचा रस टाकतात. शुद्ध शाकाहारी खाण्याला ते लोक 'जे' म्हणतात, पिवळ्या फलकावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. तो शब्द शिकून जाणारे निभावतात. सासूबाईंना घेऊन ते धाडस मी केलं नाही.

सिंगापूर आमच्या घरी खर्ऱ्यानं कापलं. चघळायचा तंबाखू त्या देशात नेणंच गुन्हा आहे. हे म्हणाले, सोडून देईन आठ दिवस. पंचवीस वर्षांचा अनुभव असल्यानं मी त्यावर काही बोलले नाही, नाव खोडलं. तसा व्हिसाही लागतोच.

उरलं मलेशिया. डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा नाही, ही सवलत सध्या 2026 अखेरपर्यंत आहे. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक ऑनलाइन आगमन-फॉर्म भरावा लागतो. तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी दिसल्या तर त्या सरकारी नाहीत. असले नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी वकिलातीच्या साइटवर पुन्हा पाहा. तिथं तमिळ वस्ती मोठी, त्यामुळं केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण जागोजागी. पेनांग बेटावर समुद्र आहे, आणि पेनांगच्या डोंगरावर दोरानं ओढली जाणारी रेल्वे जाते, म्हणजे सासूबाई एक पायरी न चढता वर. क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांना 272 पायऱ्या आहेत, तिथं त्या खालीच मुरुगनच्या उंच मूर्तीपाशी बसल्या आणि कबुतरं मोजली. विषुववृत्ताजवळचा देश, दुपारचा पाऊस कधीही येतो. आमच्यासाठी तोच मोठा आनंद होता, घरी तेव्हा 45 अंश होतं.

कागदांचं काम देश ठरायची वाट न पाहता सुरू करा. सहा महिने आधी. पाच जणांचे पासपोर्ट म्हणजे आधी पाच जणांची नावं जुळवणं. यांच्या दाखल्यावर रामकृष्ण आणि आधारवर रामकिसन. सासूबाईंची जन्मतारीख गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखी 1 जानेवारी, तीसुद्धा दोन कागदांवर दोन वेगवेगळ्या वर्षांची. ही दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. मोठ्यांच्या साध्या पासपोर्टला 1,500 रुपये आणि अठरा वर्षांखालच्यांच्या पासपोर्टला 1,000 रुपये फी आहे. आता अनेक जिल्ह्यांत पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे, नागपूरला जावंच लागतं असं नाही. आईबापांचे पासपोर्ट आधी काढा, लेकरांचे नंतर सोपे जातात.

आणि बारावीच्या पोरांच्या बाबतीत एक खड्डा आहे, त्यात आम्ही पडता पडता वाचलो. अठरा वर्षांखालच्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, जे आधी येईल ते. आमच्या पोरीचा वाढदिवस ऑगस्टचा. म्हणजे पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपणार. आणि बऱ्याच देशांना प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते. नवा कोरा पासपोर्ट हातात असून विमानतळावरून वापस यावं लागलं असतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांचा पर्याय निवडता येतो, फी मोठ्यांची भरायची. फॉर्ममध्ये ती खूण नीट पाहून करा.

सरकारी नोकरीत असाल तर पासपोर्टसाठी कार्यालयाला आगाऊ कळवल्याचं पत्र आणि परदेशी जायची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा परवानगीचा अर्ज एका टेबलावर तीन आठवडे पडून होता, का ते अजून कळलं नाही. दोन महिने आधी द्या, पोच घ्या, आणि दर सोमवारी जाऊन उभ्या राहा.

पैशाचं थोडक्यात. आम्ही आधी आकडा ठरवला, 2 लाख 60 हजार, कापसातून बाजूला काढलेला. त्यातले 30 हजार "हात लावायचा नाही" म्हणून वेगळे ठेवले. उरलेल्यात जे बसेल तेच. नागपुरात एका एजंटानं आम्हाला सात दिवसांत तीन देश दाखवायचं पॅकेज सांगितलं, आकडाही बरा होता. कागद उलटून पाहिला तर दुपारचं जेवण नाही, व्हिसा नाही, दोन तिकिटांचे पैसे तिथं गेल्यावर. आणि दर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची. म्हाताऱ्या माणसाला एका गावी निदान तीन रात्री मिळाव्यात. एजंटाकडं गेलात तर "काय काय आहे" हे विचारू नका, ते तो सांगतोच. "काय नाही" ते लिहून मागा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. तो खर्च नाही, विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण भरताना तेवढे पैसे हातात लागतात. आणि प्रवास विमा घेताना बीपी-शुगर लपवू नका. सासूबाईंची बीपीची गोळी आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवली.

वाट निवडतानाही नकाशा आपल्या गावापासून पाहा. सगळे मुंबईहून जायचं म्हणत होते. पण चेन्नईकडची रेल्वेलाइन आमच्या हिंगणघाटातूनच जाते, आणि चेन्नईहून क्वालालंपूर साधारण चार तासांचं विमान. तिकीट स्वस्त पडलं. फक्त रेल्वे आणि विमान ही वेगळी तिकिटं असतात. गाडी लेट झाली तर विमानवाले थांबत नाहीत, पैसेही देत नाहीत. म्हणून एक दिवस आधी पोहोचायचं, हे पक्कं धरा.

आम्ही तसे आदल्या दिवशी सकाळी चेन्नईत उतरलो. संध्याकाळपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून मरीना बीचवर गेलो. पोट्टीनं चपला हातात घेतल्या आणि सरळ चालत गेली. मरीनाला ओढ फार असते, पोहायला उतरू देत नाहीत, पण घोट्यापर्यंत लाट आली तशी ती जागच्या जागी उभी राहिली. बराच वेळ. हे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हा तं इथंच दिसला. वापस जावं का? दोन लाख वाचतीन."

सासूबाईंनी तेवढ्यात पाण्याची बाटली रिकामी करून समुद्राचं पाणी भरून घेतलं होतं. देव्हाऱ्यात ठेवायला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तपासणीत ती बाटली निघाली. हातातल्या सामानात 100 मिलीच्या वर पाणी नेता येत नाही, हे मी त्यांना सांगायचं विसरले होते. तपासणारी पोरगी बाटली बाजूला ठेवू लागली तशी सासूबाई तिच्याकडं वाकल्या.

"बाई, झाडाले नोको टाकू," त्या म्हणाल्या. "खारट हाय."