मुतखडा वारंवार होतो? आधी साखर आणि कंबर तपासा. या चुका टाळा

खडा पडला की प्रकरण मिटले असे समजणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. सुटलेले पोट, वाढलेली साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) एकत्र असतील तर खडा पुन्हा होण्याचा धोका जास्त असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की मूत्रपिंड अमोनिया कमी तयार करते. आम्ल निष्प्रभ करायला तोच लागतो. तो अपुरा पडला की लघवी आम्लधर्मी राहते आणि पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की युरिक अॅसिडचे खडे जमू लागतात.

म्हणून लघवी गाळून पडलेला खडा जपून ठेवा आणि लॅबमध्ये तपासायला द्या. सोबत रक्ताच्या तपासण्या करून घ्या: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (चरबी), युरिक अॅसिड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम). कंबर पुरुषांत 90 सेंमी, बायकांत 80 सेंमीच्या पुढे असेल तर वजनाकडे बघायलाच हवे. मात्र उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवू नका. त्याने युरिक अॅसिड उलट वाढते.

एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. शुद्ध युरिक अॅसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी लागतो. एक बरे आहे, हाच खडा औषधाने विरघळू शकतो. डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात आणि लघवीचा पीएच 6 ते 6.5 च्या आसपास ठेवतात. लघवीत बुडवायच्या पट्टीने तो घरी मोजता येतो. पण शेजाऱ्याची बाटली आणून स्वतःच सुरू करू नका. पीएच 7 च्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम धोक्याचे. खाण्याच्या सोड्यातून सोडियम जाते, तोही नको.

दूध-दही बंद करणे ही जुनीच खोड. जेवणातले कॅल्शियम आतड्यात ऑक्झलेटला (भाज्या, काजू वगैरेंतला खडे करणारा घटक) धरून ठेवते. ते कमी झाले की ऑक्झलेट जास्त शोषले जाते. तांबडी भाजीत ते भरपूर असते, म्हणून खाल्लीच तर दह्यासोबत खा. काजू मूठभर पुरे.

गोव्यात खरी अडचण मिठाची. सुकी मासळी, खारवलेला बांगडा आणि लोणचे एकाच ताटात आले की दिवसाचे 5 ग्रॅम मीठ कधी ओलांडले ते कळतही नाही. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. तारले-बांगड्यांनी युरिक अॅसिडही वाढते, म्हणून ते रोज दोन्ही वेळा नकोत. युरिक अॅसिडचे खडे असतील तर विशेषतः.

पाणी किती प्यायलात ते सोडा, लघवी किती झाली ते बघा: दिवसाला किमान 2 ते 2.5 लिटर. मे महिन्यात घामच इतका जातो की 3 लिटर पाणीही कमी पडते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे माप डॉक्टरांकडूनच घ्या. उर्राक (काजूची हलकी दारू) किंवा बियर पाण्याच्या हिशेबात धरू नका, आणि उर्राकात गोड लिंबू-सोडा तर नकोच. त्यातल्या साखरेने युरिक अॅसिड वाढते.

कळा येताना ताप किंवा हुडहुडी भरली, किंवा लघवी बंद झाली, तर काढे पीत बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.