विकिपीडियावरील गावाचे पान वर्गाकडून कसे लिहून घ्यावे

मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि त्यावर महाराष्ट्रातील असंख्य गावांची पाने आहेत. मात्र त्यांतली बरीचशी दोन-चार ओळींपुढे सरकलेली नाहीत. आठवी-नववीच्या वर्गाला संगणकाच्या तासाला खरेखुरे काम द्यायचे असेल, तर आपल्याच गावाचे पान हाती घ्यावे. संपूर्ण लेखाचा आग्रह सुरुवातीला धरू नये. असलेल्या पानात संदर्भासह एक वाक्य घालणे, एवढेच प्रत्येकाचे पहिले काम असावे.

खाती आधीच उघडून घ्यावीत. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला साधारण सहाच नवी खाती उघडता येत असल्यामुळे शाळेच्या इंटरनेटवर सगळा वर्ग एकदम बसवला, तर सातव्या मुलापाशी गाडी अडते. त्यापेक्षा पालकांच्या संमतीने घरूनच खाते उघडून येण्यास सांगावे. सदस्यनावात मुलाचे पूर्ण नाव, शाळा किंवा जन्मवर्ष नसावे. सर्वांसाठी एकच खाते काढण्याचा मोह होतो, पण विकिपीडियाला ते चालत नाही, शिवाय कोणते वाक्य कोणी लिहिले हे शिक्षकालाही कळत नाही.

लिहिण्याचा सराव धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, करून घ्यावा. खरा वेळ मात्र संदर्भांना द्यावा, कारण मुले हमखास ‘आमचे गाव निसर्गरम्य असून येथील लोक प्रेमळ आहेत’ असे लिहितात. निबंधात या वाक्याला गुण मिळतात (आपणच ते देत आलो आहोत), विकिपीडियावर मात्र ते टिकत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि ‘हे कोठे तपासता येईल?’ असे विचारावे. त्याखाली ‘गावात दर मंगळवारी आठवडी बाजार भरतो’ हे वाक्य लिहून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. बाजार मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो, तरी छापील आधार लागतोच, हे त्यांना आधी पटत नाही; त्या वादाला तासातील दहा मिनिटे खुशाल जाऊ द्यावीत.

आधारासाठी २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका सर्वांत उपयोगी पडते. तिच्यात गावाची कुटुंबसंख्या, लोकसंख्या, साक्षरांची संख्या आणि शाळा, पाणी, रस्ते अशा सोयींची माहिती मिळते. पिंपळगाव किंवा वडगाव नावाची गावे जागोजागी असल्यामुळे नावावर विसंबू नये. गावाचा सहा अंकी जनगणना क्रमांक, तालुका आणि जिल्हा जुळवूनच आकडा उचलावा, आणि तो २०११ चा आहे हे वाक्यातच लिहावे. इतिहासासाठी जिल्हा गॅझेटियर पाहावे. मराठी विश्वकोशातील मजकूर मात्र जसाच्या तसा उतरवू देऊ नये. वाचून, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची सवय येथेच लागते.

छायाचित्र मुलाने स्वतः काढलेले असावे. ते विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या छायाचित्रांच्या मुक्त भांडारात, चढवताना कोणालाही, अगदी व्यापारी कामासाठीही, वापरण्याची मुभा आपण देतो, हे घरच्यांना आधी सांगावे. मंदिराची किंवा चौकातील पुतळ्याची छबी चालते; माहितीफलकाचा किंवा भिंतीवरील चित्राचा जवळून काढलेला फोटो टाळावा. फोन स्थानाची नोंद छायाचित्रातच ठेवतो आणि कॉमन्सवर ती दिसते, म्हणून ती सोय आधी बंद करावी. मुलांचे चेहरे नकोत.

यानंतर एखाद्याचे वाक्य कोणीतरी काढून टाकेल आणि मूल हिरमुसेल. अशा वेळी शिक्षकाने स्वतः ते वाक्य परत घालू नये. पानाचा ‘इतिहास’ उघडून जुनी आवृत्ती शाबूत आहे हे दाखवावे, काढणाऱ्याने बदलांच्या आढाव्यात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या टिपेत) दिलेले कारण मोठ्याने वाचावे आणि लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर मुलालाच विचारू द्यावे. अनोळखी, बहुधा वयाने मोठ्या माणसाला ‘हा संदर्भ का चालत नाही?’ असे सभ्यपणे, सही करून विचारणे हे एखादा परिच्छेद लिहिण्याहून अवघड असते. उत्तर यायला कधी दिवस लागतात, कधी ते येतच नाही. तेव्हा सर्वसाधारण प्रश्न चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, मांडता येतो.

रोजच्या टाचणवहीत या कामासाठी वेगळे पान ठेवावे आणि कोणी किती लिहिले यापेक्षा कोणाचा संदर्भ तपासणीत टिकला, कोण चर्चा पानावर परत गेले, हे टिपावे. गुण द्यायचेच असतील तर या टिपणांवरून द्यावेत. खात्याचा परवलीचा शब्द शिक्षकाने मागू नये, कारण वर्ष संपल्यावरही ते खाते विद्यार्थ्याचेच राहायचे आहे.