मुलांना खाडीवर, पऱ्यावर (ओढ्यावर), किनाऱ्यावर नेताय? या चुका टाळा

गेली पंधराएक वर्षं मी गुहागर-दापोली पट्ट्यातल्या शाळांच्या मुलांना घेऊन खाडीवर, किनाऱ्यावर, सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जातो. आता बऱ्याच शाळा आणि गावमंडळं असे उपक्रम करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच त्या चुका दरवर्षी बघून जीव तुटतो. लावलेलं मेलं तर पुन्हा लावता येतं. ‘आपण केलेलं टिकतच नाही’ हे एकदा मुलाच्या डोक्यात बसलं, की ते काढायला फार दिवस लागतात.

दिसला चिखल की लावला कांदळ

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका शाळेने चाळीस मुलं खाडीवर आणली. बॅनर, टोप्या, पाहुणे, सगळं होतं. आदल्या दिवशी कुणीतरी कांदळाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, शेंगा झाडावरून ओढून, पोत्यात भरून ठेवल्या होत्या. मी पोचलो तेव्हा ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात लागवड जोरात चालली होती. एका मुलीची रांग बघितली, तर निम्म्या शेंगा उलट्या खोचलेल्या. कोंबाचं टोक चिखलात आणि मुळाचं आभाळाकडे. तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

तेवढ्यात मुळे (चिखलातले खाण्याचे शिंपले) काढायला आलेल्या दोन बायका टोपल्या घेऊन थांबल्या. त्यातल्या मोठ्या मावशी म्हणाल्या, “बाळांनो, ही आमची मुळ्यांची जागा. इथे रान केलंत तर आम्ही जायचं कुठे?” शिक्षकांपैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

दसऱ्यानंतर मी त्यातल्या चार मुलांना घेऊन परत गेलो. मोजून सात शेंगा उभ्या होत्या. त्यांवरही खडबडीत कवचांचा थर चढला होता. बाकी सगळं पाण्याने नेलं. ती मुलगी आपली रांग शोधत चिखलात बराच वेळ फिरली.

जो चिखल दिवसाचा बराच वेळ पाण्याखाली असतो, तिथे कांदळ धरत नाही. आणि तो चिखल रिकामाही नसतो. त्यात मुळे असतात, खेकडे असतात, थंडीत बाहेरून येणारे पक्षी तिथेच चरतात. कांदळवन जिथे यायचं तिथे खाडी स्वतःच शेंगा आणून टाकते. येत नसेल तर आधी कारण शोधा. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबंधाऱ्याने भरतीचं पाणी अडलंय का? कुणी भराव टाकलाय का? गुरं कोंब खातात का? पहिल्या तीन फेऱ्यांत मी काहीही लावू देत नाही. मुलांनी भरतीची रेषा कुठवर येते ते काठ्या रोवून बघायचं, तिवराची (हेही खारफुटीचंच झाड) चिखलातून वर आलेली श्वासमुळं न तुडवता चालायला शिकायचं, त्यांत अडकलेलं नायलॉनचं जाळं कात्रीने कापून काढायचं. हे करून मग लागवडीची वेळ आलीच, तर फळाखालचं कडं पिवळं झालेली किंवा आपोआप गळलेली शेंग घ्यायची, कोंब वर ठेवायचा आणि तिसरा हिस्सा चिखलात जाऊ द्यायचा.

आणि परवानगी घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनतोडीवर बंदी घातली आहे, आणि वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२पासून आहे. त्यांना विचारलं तर ते जागाही दाखवतात.

भरती न बघता निघणं

बस सुटायची वेळ बघतात, समुद्राची बघत नाहीत. आमच्याकडे म्हाताऱ्यांचा हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. ओहोटी त्यानंतर सहाएक तासांनी. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी तिथल्या होडीवाल्याला विचारायचंच. उधाणाच्या दिवसांत तर लहान मुलांना मी खाडीत उतरवतच नाही.

२६ जानेवारीचा बंधारा

वनराई बंधारा, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, मुलांसाठी फार चांगला धडा आहे. एवढा पाऊस पडूनही आपल्याकडे मे महिन्यात टँकर का येतो, ते पोरांना हाताने कळतं: जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि पऱ्ये आटतात. पण तो कार्यक्रमाच्या सोयीने जानेवारीत बांधला, तर अडवायला पाणीच उरत नाही. भातकापणी उरकली आणि पऱ्या अजून वाहतोय, ते दिवस धरा. सिमेंटची रिकामी पोती तोंडापर्यंत भरू नका. ठासून भरलेलं पोतं गोल होतं, शेजाऱ्याला चिकटत नाही आणि मधून पाणी जातं. दोन-तृतीयांश भरा, तोंड शिवा, चिरा रचतो तशी सांधमोड करून (खालचा सांधा वरच्या पोत्याने झाकून) रचा आणि वरच्या अंगाला चिकणमातीचा लेप द्या.

एक काम जवळजवळ सगळेच विसरतात. उन्हाने ती पोती फाटतात. मेच्या शेवटी मुलांना घेऊन ती काढून आणा, नाहीतर पहिल्या पुराबरोबर तेच प्लास्टिकचे धागे किनाऱ्यावर येतात.

किनारा झाडला, फोटो काढले, पोती तिथेच

गोळा केलेला कचरा कुठे जाणार, ते ग्रामपंचायतीशी आधी ठरलेलं नसेल तर सफाईला जाऊच नका. वाळूत पुरलेली पोती मी स्वतः उकरून काढली आहेत. आणि वजन किती भरलं यापेक्षा काय सापडलं ते मुलांना मोजू द्या. आमच्या पोरांना एका सकाळी एकाच कंपनीच्या वेफर्सच्या शेकडो पिशव्या मिळाल्या. ती पऱ्याने वर चालत गेली आणि थेट बाजाराच्या मोरीपाशी पोचली. त्यानंतर दुकानदारांशी बोलायला तीच गेली.

आणखी काही:

देवराईत ‘स्वच्छता’ म्हणून पातेरा (गळलेली पानं) झाडू नका. तिथली माती त्यावरच जगते.

सड्याला ओसाड समजून खड्डे खणू नका. दीपकाडी हे रानफूल त्याच कातळावर, पावसाच्या सुरुवातीला फुलतं.

कासवाची पिल्लं सोडताना हात नाही, फ्लॅश नाही, दोरीच्या आत पाय नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२पासून लोकांनी हे काम जपलंय. ती वाळू पिल्लांनी स्वतःच चालायची असते.

जूनमध्ये झाडं लावणारे खूप भेटतात. भात कापून गुरं मोकळी सुटली आणि फाल्गुनात वणवे लागले, की त्यातलं कुणी दिसत नाही. किनाऱ्याजवळ उंडी, करंज, भेंड लावा, बी गावातलंच घ्या आणि थोडीच लावा. पाच मुलांना एक झाड, कुंपण त्यांनीच घालायचं, आणि जानेवारीत भोवतीचं गवत कापून जाळपट्टा काढायलाही त्यांनीच यायचं. मी त्या दिवसाची तारीख जूनमध्येच मुलांच्या वहीत लिहून घेतो, पालकांच्या सहीसकट.