हौशी रेडिओतील मोड कानाने कसे ओळखावेत

कोकण किनाऱ्यावर हॅम रेडिओकडे, म्हणजेच हौशी रेडिओकडे, नव्याने वळणाऱ्यांच्या हाती बहुधा आधी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा छोटा एफएम संच येतो, आणि एफएम म्हणजेच हौशी रेडिओ असा समज होऊन बसतो. मोड, म्हणजे संदेश रेडिओलहरीवर बसवण्याच्या पद्धती, खरोखर समजून घ्यायचे असतील, तर एएम, एफएम, एलएसबी, यूएसबी व सीडब्ल्यू हे पुढे उलगडलेले पर्याय असलेला संच मिळवून आरंभी केवळ ऐकावे. प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, याचा विसर पडू देऊ नये.

पहिली पायरी एफएमची. यात आवाजाप्रमाणे वाहक लहरीची, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओलहरीची, वारंवारता बदलते. स्क्वेल्च (संदेश नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) उघडा ठेवल्यास मोठी खरखर येते आणि पुरेसा जोरकस संदेश येताच ती दबते. एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले, तर जोरकस केंद्रच ऐकू येते. आवाज स्वच्छ असला तरी या मोडला सुमारे १२ ते १६ किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागते. शिवाय या पट्ट्यातील लहरी साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने खाडीपलीकडच्या डोंगराआडचे केंद्रही निसटते. सह्याद्रीपलीकडचे कोल्हापूर तर उंचावरील रिपीटरशिवाय, म्हणजे संदेश झेलून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राशिवाय, जवळजवळ अशक्यच. मात्र हा दोष मोडचा नसून वारंवारतेचा आहे.

एएममध्ये लहरीची उंची बदलते. पूर्ण मॉड्युलेशन (आवाजाने लहरीत घडवलेला पुरेपूर बदल) असतानाही दोन तृतीयांश शक्ती वाहक लहरीतच खर्च होते आणि तिच्यात संदेश नसतो. विमाने मात्र ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर आजही एएमच वापरतात, कारण दोन वैमानिक एकदम बोलले तरी दुसऱ्याची चाहूल लागते.

आता ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर यावे. खरी मेहनत येथेच आहे. दोन माडांमध्ये सुमारे २० मीटर लांबीची डायपोल (मधोमध जोडणी असलेल्या अँटेनाची) तार फारशी उंच न बांधता ताणली, तर लहरी वर जाऊन आयनावरणातून (वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरातून) परततात आणि दिवसा घाटमाथ्यावरची केंद्रेही मिळू शकतात. येथे सिंगल साइडबँड चालते: वाहक लहर आणि तिच्या खालच्या-वरच्या वारंवारतांवर उमटणाऱ्या दोन बाजूंपैकी (साइडबँडपैकी) एक गाळून उरलेल्या बाजूवर सारी शक्ती लावली जाते, व रुंदी सुमारे २.४ ते २.७ किलोहर्ट्झवर येते. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालची बाजू) आणि वर यूएसबी (वरची बाजू) निवडण्याचा प्रघात आहे. बोलणारा नाकात बोलल्यासारखा वाटला, तर बटण १० ते २० हर्ट्झच्या टप्प्यांनी हलकेच फिरवावे. एलएसबीवर आवाज चिरका असेल तर वारंवारता कमी करावी, घोगरा असेल तर वाढवावी. यूएसबीवर याच्या उलट करावे. कितीही फिरवले तरी शब्द लागत नसतील, तर बाजूच चुकली आहे असे समजावे.

पावसाळ्यात विजांच्या कडकडाटाने हा पट्टा भरून जातो, तेव्हा सीडब्ल्यूचे महत्त्व पटते. वाहक लहर चालू-बंद करून मोर्स पाठवली जात असल्याने ५०० हर्ट्झचा फिल्टर पुरतो, आणि २४०० हर्ट्झच्या मानाने सततच्या गोंगाटाची शक्ती जवळपास एक पंचमांश होते.

शेवटी ७.०७४ मेगाहर्ट्झ लावावे. तेथील सुरेल किलबिल २०१७ साली आलेल्या एफटी-८ या डिजिटल मोडची असते. १५ सेकंदांच्या पाळ्यांत संगणक ती उलगडतो, म्हणून संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत अचूक हवे. गप्पांसाठी हा मोड निरुपयोगी आहे. आणि पट्टा १० मेगाहर्ट्झच्या खालचा असला तरी येथे संच यूएसबीवरच ठेवावा.