लिनक्स सुरू होत नसेल तर या चुका टाळा

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम असलेला संगणक सुरू होत नाही म्हणून लोक तो माझ्याकडे आणतात, तेव्हा मूळ बिघाड बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत निघतो. त्याआधी घाईने केलेले उपाय निस्तरण्यात मात्र अख्खा दिवस जातो. यातली सर्वांत घातक चूक म्हणजे पडद्यावरचा मजकूर न वाचता सरळ फॉरमॅट मारणे.

सोलापुरातल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका चादर कारखान्यातला प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. तिथल्या संगणकातल्या दोन हार्ड डिस्कपैकी एक कोणीतरी काढून नेली होती. पण एफएसटॅब या फाइलमधली तिची नोंद तशीच राहिली. सुरू होताना लिनक्स या फाइलमध्ये नोंदवलेल्या डिस्क जोडू पाहते. त्यातली एखादी सापडली नाही, तर सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा सुरू करणारी प्रणाली, साधारण 90 सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या आज्ञा देता येणाऱ्या अवस्थेत, आणून सोडते. कोणत्या डिस्कसाठी ती थांबली आहे, हेही पडद्यावर लिहून येते. कारखान्यातल्या एका हौशी तरुणाने ते न वाचता पेनड्राइव्ह लावला आणि डिस्क पुसून नवे उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकण्याचा पर्याय निवडला. "साहेब, चालू झालंय, पण आतलं काहीच दिसंना," असा मालकांचा फोन आला तेव्हा चादरींच्या नक्ष्यांच्या कित्येक फाइली कायमच्या गेल्या होत्या. एफएसटॅबमधल्या त्या एका ओळीच्या सुरुवातीला हॅशचे (#) चिन्ह टाकून ती वगळली असती, तर संगणक लगेच सुरू झाला असता.

डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके या आज्ञेला एफ हा पर्याय जोडून दिसणारे यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागाचा, वेगळा ओळख क्रमांक) आणि एफएसटॅबमधले यूयूआयडी मी नेहमी एकेक करून ताडून पाहतो आणि जी डिस्क नसली तरी काम अडत नाही, तिच्या नोंदीत नोफेल, म्हणजे ती सापडली नाही तरी पुढे जा, असे लिहून ठेवतो. फाइल जतन होत नसेल, तर लिनक्स ज्यात असते ते रूट पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडलेले असते; ते लेखनासाठी पुन्हा जोडावे लागते.

पडद्यावर नुसते बोधचिन्ह फिरत राहिले, तर बटण दाबून संगणक पुन्हापुन्हा बंद करू नका. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या यादीत ई ही कळ दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतले क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द काढा आणि एफ10 दाबा. गाडी कुठे अडली आहे ते दिसू लागते. ही यादी दिसतच नसेल, तर मदरबोर्डवरची सुरुवातीची प्रणाली नवी यूईएफआय असेल, तेव्हा एस्केप आणि जुनी बायोस असेल, तेव्हा शिफ्ट दाबावे.

दुसरी चूक सोलापूरच्या उन्हाळ्यात हमखास पाहायला मिळते. वीज अचानक गेली आणि नंतर संगणक अडला, की जोडलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या पार्टिशनवरच एफएससीके ही फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा चालवली जाते. यामुळे धडधाकट फाइल सिस्टमही, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणीही, बिघडू शकते. वास्तविक ईएक्सटी4 ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम आपल्या जर्नलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीच्या आधारे बहुतेक वेळा स्वतःच सावरते. तरीही तपासणी करायचीच असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालते) संगणक सुरू करून आणि ते पार्टिशन जोडलेले नाही याची खात्री करूनच करावी. डिस्क खडखडत असेल किंवा स्मार्ट या डिस्कच्या स्वतपासणीत खराब सेक्टर वाढताना दिसत असतील, तर मी आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रत काढतो. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करणे मला मुळीच मान्य नाही.

लिनक्स अद्ययावत केल्यानंतर संगणक अडला, तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडावे. बूट पार्टिशन भरल्यामुळे इनिटरॅमएफएस ही कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइल अर्धवट तयार होणे हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे. जागा मोकळी करून ती फाइल पुन्हा तयार करावी. आधीचे कर्नल जागा खाते म्हणून काढून टाकणाऱ्यांना ही वाटच उरत नाही.

जुन्या बायोसच्या संगणकावर ग्रब पुन्हा बसवताना आज्ञेत एसडीए1 हे पार्टिशन न देता एसडीए ही पूर्ण डिस्क द्यावी. यूईएफआयमध्ये बसवलेले लिनक्स लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या मोडमध्ये शोधत बसू नये.

बराच वेळ वीज नसल्यावर जुन्या संगणकाला डिस्कच सापडेनाशी झाली आणि घड्याळही मागे गेले, तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला, बायोसमधला साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) पूर्वीसारखा करा आणि मगच लिनक्सकडे वळा.