इंजिन बदललं, आता क्रूझ जोडायचंय

तुर्भ्यात माझ्या गॅरेजमध्ये इंजिन बदललेली गाडी आली की क्रूझ कंट्रोलच्या (अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग कायम ठेवणारी यंत्रणा) आधी मी ब्रेक पेडलचा स्विच तपासतो. पेडलला पाय लागताच क्रूझ सुटलंच पाहिजे. इथे जुगाड नको. मॅन्युअल गाडीत क्लचचा स्विचही जोडा, नाहीतर क्लच दाबल्यावर इंजिन मोकळं सुटून जोरात फिरतं.

थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) इलेक्ट्रॉनिक असेल तर क्रूझ ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच सांभाळतो. केबलवाल्या थ्रॉटलला ती केबल ओढणारा वेगळा अ‍ॅक्च्युएटर लागतो.

क्रूझ लागतच नाही? स्कॅनर लावा आणि चालत्या गाडीत ईसीयूला वेग दिसतोय का, ते शेजारी बसलेल्याला बघायला सांगा. गिअरबॉक्सही बदलला असेल तर बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या सेडानने माझे दोन दिवस घेतले. वायरिंग सगळं बरोबर होतं. मालकाने मागे एलईडी ब्रेकलाइट बसवले होते! क्रूझची काही जुनी मॉड्यूल ब्रेकच्या बल्बच्या फिलामेंटमधूनच अर्थिंग शोधतात, एलईडीत ते मिळत नाही. साधे बल्ब लावले, पहाटे पाम बीच रोडवर सेट दाबलं आणि क्रूझ लागलं.

क्रूझसोबत हॉर्नही गेला असेल तर स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंग फिरलं तरी त्यावरच्या बटणांचं कनेक्शन टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) बघा. मात्र एअरबॅग आहे, आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा.