मशिनच्या पार्टांतून देवनागरी फॉन्ट कसा जुळवायचा

मशिनसारखा फॉन्ट करायचा म्हटलं की पहिलं काय सुचतं, तर अक्षरांना गिअरचे दात. मीपण लावले होते. सगळ्या कडांना दात, मधेमधे बोल्टची डोकी, स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर एकदम भारी, आणि 14 पॉइंटला प्रिंट काढली तर गुळाला मुंग्या लागल्यासारखी ओळ. तर दात विसरा. मशिनकडून घ्यायचं ते एवढंच, की मोजके पार्ट असतात आणि तेच उलटेपालटे करून सगळीकडे बसवलेले असतात.

1920 च्या दशकात जर्मनीत बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत योझेफ आल्बर्सने चौकोन, पाव वर्तुळ आणि पूर्ण वर्तुळ एवढ्या तीनच आकारांतून अख्खी रोमन वर्णमाला जुळवली होती. आपलं तिनांत भागत नाही, आपल्याला शिरोरेषा आहे, वेलांट्या आहेत, जोडाक्षरं आहेत.

आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये तासभर नुसते बसा. मी कोल्हापुरात उद्यमनगरला मामाच्या शेडमध्ये बसलो. फोटो अख्ख्या लेथचे काढू नका, सांध्यांचे काढा, म्हणजे पट्टी कुठे वळते, पाइपला एल्बो कसा बसलाय वगैरे. जुन्या शेडमध्ये छताखाली एकच लांब लाइन शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, असायचा, त्यावर पुल्या, आणि प्रत्येक मशिनला वरून पट्टा उतरलेला. मामाने हे हातवारे करून सांगितलं आणि माझ्या डोक्यात शिरोरेषा बसली. देवनागरी अक्षर जमिनीवर उभं नसतंच, ते वरून टांगलेलं असतं.

आता चौकटीची वही घ्या. फॉन्टचा चौकोन 1000 युनिटचा धरा, एक चौकट 50 ची, म्हणजे उभ्या 20 चौकटी. शिरोरेषेपासून खाली अक्षराला 12, वर मात्रांना 4, खाली उकारांना 4. रेघेची जाडी दोन चौकटी.

पार्ट पाचच: सरळ पट्टी, एल्बो म्हणजे पाव वर्तुळ, वॉशर, 45 अंशात छाटलेली पट्टी आणि अनुस्वाराला रिव्हेट. फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे पाच एकदाच काढा आणि अक्षरांत रेफरन्स म्हणून, म्हणजे मूळ पार्टाशी जोडलेलेच वापरा, साधं कॉपी-पेस्ट करू नका, नाहीतर उद्या एल्बो बदलायचा झाला तर दोनशे ठिकाणी बदलत बसाल.

सुरुवात अ पासून नको, व पासून करा. व जमला की पोटात तिरकी पट्टी टाकून ब, उजवीकडे एल्बो लावून क. प वरून ष आणि फ. ठ म्हणजे आखूड मानेला टांगलेला वॉशर, दोन मिनिटांचं काम. खरी मजा ळ ला येते. दोन वॉशर शेजारी ठेवले की ळ होईल असं वाटतं, होतो चष्मा, आणि मधली भिंत दुप्पट जाड. तिथे दोघांत एकच भिंत ठेवायची, मान बरोबर त्या भिंतीवर उतरवायची, मग तो ळ दिसतो. ल आणि श मराठी वळणाचेच काढा, 2009 च्या शासन निर्णयातही तीच रूपं आहेत, आणि मधल्या देठाला दोन वाट्या असलेला आपला ल या पार्टांत हिंदी ल पेक्षा झकास बसतो.

मग थोडी चीटिंग. आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड दिसते, म्हणून आडव्या पट्ट्या 100 च्या 92 करा. आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या दोन्ही बाजूंना 15 युनिट बाहेर काढा. मी बरोबर कडेला कापली होती, स्क्रीनवर प्रत्येक दोन अक्षरांत केसाएवढी फट, शाफ्ट तुकड्यातुकड्यांत तुटल्यागत.

जोडाक्षरांना काना उडवला की अर्धं अक्षर तयार, क आणि फ ला उजवा एल्बो छाटायचा. ट, ठ, ड, द ला कानाच नाही, तिथे एकाखाली एक रचायला चार चौकटी पुरत नाहीत, सरळ पाय मोडून दाखवा, चालतं. पहिली वेलांटी मात्र तीन-चार वेगवेगळ्या रुंदींची लागते, पण आपला फॉन्ट पार्टांचा असल्यामुळे मधली पट्टी लांबवली की झालं. ऱ्य विसरू नका, ‘दुसऱ्या’ ला रफार आला की मराठी माणूस तिथेच फॉन्ट बंद करतो.

टेस्टला मी ‘दुसऱ्या पाळीला ऑइल बदला’ ही ओळ ठेवली होती, ती चौदाला आणि दोनशेला दोन्हीकडे वाचता आली पाहिजे. पत्र्यात कापून शेडच्या दारावर ठसा मारायचा असेल तर वॉशरला पट्टीचे दोन पूल ठेवा, नाहीतर आतली चकती गळून पडते. माझी पडलीच. मामाने ती उचलली, व्हर्निअर लावला आणि विचारलं, बाहेरचा डाया किती धरलाय?